चार आठवडे, ६२,००० रुपये: नेपाळात इंग्रजी शिकवायला गेले त्याचा अनुभव

पैसे आधी सांगते, कारण विचारणारे आधी तेच विचारतात. ६२,००० रुपये. विमानाचं तिकीट वेगळं, विमा वेगळा. एवढे भरून मी चार आठवडे नेपाळातल्या एका सरकारी शाळेत मुलांना फुकट इंग्रजी शिकवून आले. गोव्यात, आमच्या साखळी गावच्या बाजारात ज्या ज्या बाईला हे सांगितलं तिने मला परत विचारलं, "म्हणजे त्यांनी दिले की तुम्ही दिले?" मी दिले, बाई. शिकवणारी मी आणि पैसे मोजणारीही मीच.

एजन्सीचं नाव लिहीत नाही. अशा बऱ्याच आहेत आणि जाहिराती सगळ्यांच्या एकाच साच्यातल्या: मातीने माखलेली चार गोड पोरं आणि मध्ये गुडघ्यावर बसलेली एक गोरी मुलगी. माझ्या भाच्याने पर्वरीहून मला ती लिंक पाठवली. "मावशी, निवृत्त झालीस ना, घरात बसून काय करतेस?" म्हणाला. त्याच्यावर राग नाही.

मी ३१ वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडे बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात येऊन पडतात. जूनमधला पाचवीचा वर्ग बघण्यासारखा असतो. सत्तरी तालुक्यातल्या वाड्यांवरून कदंबच्या, म्हणजे आमच्या सरकारी, बसने आलेली पोरं, घरी कोकणी, कालपर्यंत मराठी शाळा, आणि आज समोर विज्ञानाचं पुस्तक इंग्रजीत. पहिले तीन महिने त्यांना बोलतं करायचं, हेच माझं आयुष्यभराचं काम. म्हणून वाटलं, हे एक आपल्याला जमतं, दुसरीकडेही जमेल.

एजन्सीच्या अर्जात मात्र हे लिहायला जागाच नव्हती. वय, रक्तगट, टी-शर्टचा साइज, शाकाहारी की मांसाहारी. बी.एड. आहे का, कधी वर्गावर उभ्या राहिलात का, असा प्रश्न एकही नाही. उलट १२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल, म्हणजे परभाषकांना इंग्रजी शिकवण्याचा, कोर्स 'फक्त' ९,००० रुपयांत घ्या म्हणून तीनदा फोन आला. मी सांगितलं, "बाये, असल्या कोर्सवाल्यांना मी तीस वर्षं शिकवलंय." पलीकडची मुलगी हसली आणि म्हणाली, "मॅडम, तरी सर्टिफिकेट छान दिसतं." दुसरी गोष्ट याहून गंभीर. मुलांमध्ये जायचं म्हणून मी आपणहून पासपोर्ट सेवेतून पोलिस क्लिअरन्स, म्हणजे नावावर गुन्हा नसल्याचा दाखला, काढून घेतला. तो कागद चार आठवडे बॅगेत राहिला. तो ना एजन्सीने मागितला ना शाळेने. ज्याला कोणालाही ६२,००० भरता येतील, तो उद्या त्या वर्गात उभा राहू शकतो.

आधी त्यांनी मला शाळा नव्हे, काठमांडूतला अनाथाश्रम सुचवला होता. 'मुलं तुम्हाला बिलगतील' असं माहितीपत्रकात लिहिलेलं. मी नाही म्हटलं, आणि तुम्हीही म्हणा. कंबोडियात अनाथाश्रमांतल्या मुलांची पाहणी झाली तेव्हा चारातल्या तिघांचे आई किंवा बाप, कोणीतरी जिवंत असल्याचं दिसलं. पाहुणे येतात, देणग्या येतात, मग आश्रम भरलेला ठेवायला मुलं आणली जातात. नेपाळात २०१५ चा भूकंप झाल्यावर पालक किंवा मान्यता असलेला माणूस सोबत नसेल तर मुलांना प्रवास करू द्यायचा नाही, असा हुकूम सरकारला काढावा लागला होता. त्यामागे हीच भीती. मी म्हटलं, मला शाळा द्या, जिथली मुलं चार वाजता आपापल्या घरी जातात.

दिल्लीमार्गे काठमांडूला पोचले ती शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४ ला. दिवाळी उरकली होती, त्यांचा तिहार हा सणही. दुसऱ्या दिवशी ठमेलमधल्या एका हॉटेलात 'ओरिएंटेशन'. दोन तासांपैकी पाऊण तास एका उत्साही मुलाने आम्हाला उजव्या हाताने डाळ-भात कसा कालवायचा ते दाखवलं. आम्ही पाच जणी होतो, चार युरोपातल्या आणि पाचवी मी. मी कालवून दाखवला. टाळ्या पडल्या. युरोपातल्या मुलींना आणखी एक सूचना होती: विमानतळावर विचारलं असेल तर 'फिरायला आलोय' असंच सांगितलंत ना? पर्यटक व्हिसावर तिथे काम करता येत नाही, बिनपगारीसुद्धा. आम्हा भारतीयांना व्हिसाच लागत नाही म्हणून मी सुटले. पण मुलांना खरं बोलायला शिकवायला निघालेल्यांना पहिला धडा खोटं बोलण्याचा, हे मला रुचलं नाही.

गाव काठमांडूपासून पंचवीसेक किलोमीटरवर, बनेपाच्या वरच्या अंगाला डोंगरात. एजन्सीच्या कागदावर छापलं होतं, 'शाळा सोमवारपासून'. रविवारी सकाळी गच्चीवर ऊन खात बसले होते तर खालून घंटा ऐकू आली आणि निळ्या शर्टांची रांग चढणीवर दिसली. नेपाळात तेव्हा सुट्टी शनिवारची होती, रविवारी शाळा असायची. काठमांडूत कार्यालय थाटलेल्या एजन्सीला हे माहीत नसावं? माहीत होतं, कागद मात्र दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा उचललेला होता. खाली एका ओळीत चुकून 'समुद्रकिनाऱ्यावर जपून' असंही राहिलं होतं.

ज्या घरी राहिले तिथल्या आमाबद्दल, म्हणजे घरच्या आईबद्दल, मात्र पाचात पाच. सकाळी नवाच्या सुमारास डाळ-भात, संध्याकाळी परत डाळ-भात, मध्ये चहा. सोबत गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेला पाला, आणि एकदा तामा. ताट समोर आल्यावर वासानेच ओळखलं: बांबूचे कोंब, आमच्या सत्तरीत पावसाळ्यात खातात तेच. सगळं मोहरीच्या तेलात. मी सोलां, म्हणजे वाळवलेली कोकमं, नेली होती, तिला कढी करून घालायची म्हणून. गावात नारळ कुठून मिळणार? बनेपाच्या बाजारात पूजेच्या दुकानात एक मिळाला, फोडला तर आतून कुजका. शेवटी नुसतं सोलांचं सार केलं. आमा दोन घोट प्याली, विचार केला आणि म्हणाली, सर्दीला चांगलं असेल.

थंडीबद्दल आम्हा गोंयकारांना काही कळत नाही. इथे डिसेंबरात पहाटे पंखा बंद केला की आपण थंडी म्हणतो. तिथे अंगावर सिरक, म्हणजे जाड रजई, आणि तिच्यावर माझी शाल, तरी पाय गार. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री मी त्या सिरकेत शिरून बहिणीने पाठवलेला विठ्ठलापूरच्या नौकोत्सवाचा व्हिडिओ बघत होते. वाळवंटी नदीत होड्या सोडलेल्या, माणसांची गर्दी, घामाने चमकणारे चेहरे. इतकी वर्षं चुकवला नव्हता.

आता शाळा. मुख्याध्यापक सज्जन माणूस. मला बघून त्यांचा चेहरा एक क्षण पडला तो मी पाहिला. मग ते हिंदीत म्हणाले, "आप इंडिया से हैं? अच्छा, अच्छा." दोन्ही 'अच्छा'मध्ये फरक होता. त्यांची चूक नाही. तिकडे खासगी इंग्रजी शाळेला 'बोर्डिङ' म्हणतात, वसतिगृह असो वा नसो. पालक पोरं बोर्डिङात नेऊन घालतात, सरकारी शाळा ओस पडतात. म्हणून पट टिकवायला सरकारी शाळाही इंग्रजी पुस्तकं लावतात. गोव्यातल्या वाचकाला मी हे समजावून सांगायला नको. शाळेच्या माध्यमावरून आपली भांडणं १९९० पासून चालू आहेत, २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरलं तेव्हा घराघरांत झाली. त्या मुख्याध्यापकांना गावात दाखवायला एक गोरी व्यक्ती हवी होती आणि आली साडीतली मी.

चौथीच्या वर्गात पहिल्या दिवशी एक मुलगा उठला. नारिंगी स्वेटर, नाक वाहतंय. स्वच्छ इंग्रजीत, एकही चूक न करता त्याने विचारलं, "हाऊ मेनी वीक्स, मिस?"

वर्षभरात अशा 'मिस' किती येतात हे त्या मुलांना बोटांवर पाठ होतं. प्रत्येक जण येतो, आपलं नाव सांगतो, नाव विचारतो, रंग शिकवतो, अंगाचे अवयव दाखवायचं ते गाणं म्हणतो आणि जातो. पुढचा येतो आणि परत नावापासून. चौथीच्या मुलांना डोकं, खांदे, गुडघे अप्रतिम येत होते. कोपर येत नव्हतं, कारण ते गाण्यात नाही.

बाकी सगळं कोरसमध्ये. मी म्हटलं, "सिट डाउन." पंचवीस जण एका सुरात ओरडले, "सिट डाउन!" आणि उभेच राहिले. मी म्हटलं, "नो, नो, सिट." ते: "नो नो सिट!" मला हसू आवरेना, कारण आमची पाचवी जूनमध्ये अगदी अशीच. शिकणं म्हणजे बाईंच्या मागून म्हणणं, हे त्यांना पहिलीपासून नीट शिकवलेलं असतं.

मग मी माझी जुनी पिशवी काढली. ३१ वर्षं हीच युक्ती: कापडी पिशवीत घरातल्या वस्तू. चमचा, कुलूप, नारळाची करवंटी, सुतळी, विजेरी. हात घालायचा, न बघता ओळखायचं आणि एकट्याने सांगायचं. वस्तूचं नाव येत नसेल तर ती कशी आहे ते सांगा: गार, खरखरीत, लांब. एकट्याने बोलायची वेळ आली की कोरस बंद पडतो. करवंटी एकालाही ओळखता आली नाही. नारिंगी स्वेटरने ती बराच वेळ चाचपली आणि म्हणाला, "मिस, स्मॉल हेड." चार आठवड्यांत त्याने जे काही इंग्रजी बोललं त्यात मला हे सगळ्यात आवडलं. पाठ केलेलं नव्हतं ना.

उच्चारांत गंमत झाली. नेपाळीत श, ष, स लिहायला तिन्ही आहेत, बोलताना एकच 'स'. 'शिप' आणि 'सिप' तिथे जुळे भाऊ. 'झेब्रा'चा 'जेब्रा'. इथे मराठीचा मला फायदा झाला, आपल्याला 'जग'मधला ज आणि 'जीव'मधला ज वेगळा आहे हे न शिकवता येतं. पण 'व'ला मी आपटले. 'भ्यान' म्हणू नका, खालच्या ओठावर दात टेकवा, असं दाखवत होते. मागे बसलेली दुसरी स्वयंसेविका, इंग्लंडची, हळूच म्हणाली, "तुमचे दोन्ही व, v आणि w, सारखेच येतात." खरंच की. ३१ वर्षं मी वाइन आणि वाइन एकाच तोंडाने म्हणत आले, म्हणजे द्राक्षांची वाइन आणि द्राक्षांचा वेल. संध्याकाळी आरशासमोर सराव केला.

मुलं माझ्याशी हिंदीत बोलू बघायची, टीव्हीवरून हिंदी सगळ्यांना येते. म्हणून मी हिंदी येत नाही असं सोंग घेतलं. नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी पायरीवर घसरले आणि तोंडातून निघालं, "अगो आई गं, मेले!" पोरं टाळ्या पिटत धावली: "मिसलाई हिन्दी आउँछ!" मराठी आहे हे पटवायला फळ्यावर लिहून दाखवलं. लिपी तीच बघून त्यांना ती आणखी मोठी लबाडी वाटली. आणि फळ्यावर मी २०२४ लिहिलं की रोज कोणी तरी पुसून २०८१ करायचं. त्यांचं विक्रम संवत. बरोबर तेच होते, शाळा त्यांची.

आता या सगळ्यातली खरी कामाची गोष्ट, जी माहितीपत्रकात नाही. चौथीची स्वतःची इंग्रजीची मिस होती. तिशीची, दोन मुलांची आई, रोज पाऊण तास चढण चढून येणारी. स्वयंसेवक आला की ती आपला तास त्याला देऊन मागच्या बाकावर वह्या तपासत बसायची. तसा प्रघातच पडला होता. वर्षातले कितीतरी महिने त्या वर्गाची खरी शिक्षिका मागच्या बाकावर. तिचं वाचन चांगलं होतं, व्याकरण माझ्या काही सहकाऱ्यांपेक्षा बरं, पण पाहुण्यांसमोर बोलायला लाजायची. दुसऱ्या आठवड्यात मी पिशवी तिच्या हातात दिली आणि मागच्या बाकावर मी बसले. पहिल्या दिवशी ती प्रत्येक वाक्यामागे माझ्याकडे बघत होती. चौथ्या दिवशी बघायची थांबली. पिशवीत तिने स्वतःच्या वस्तू घातल्या: खुकुरीचं म्यान, मक्याचं कणीस, मुलाचा मोजा. माझ्यापेक्षा चांगल्या, कारण मुलांना त्या ओळखता येत होत्या आणि तरी इंग्रजीत सांगाव्या लागत होत्या.

आम्ही दोघींनी एक जाड वही घातली. आज काय घेतलं, कोणाला काय अडलं, पुढच्याने कुठून सुरू करायचं. शाळेत पाहुण्यांची शेरेबुक होती, भरजरी, 'अविस्मरणीय' शब्दाने भरलेली. पण कोणी काय शिकवलं याची नोंद एका ओळीचीही नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात एजन्सीचा माणूस फोटो काढायला आला. मिस फळ्याशी, मी मागे. त्याने मला पुढे बोलावलं, मुलं माझ्याभोवती गोळा केली आणि मिसला हाताने खूण केली, जरा बाजूला. तिच्याच वर्गात. ती सवयीने सरकलीही. मी म्हटलं, दोघींचा काढा नाहीतर काढू नका. त्याने हसून दोघींचा काढला. आता त्यांच्या पानावर जो आहे त्यात मी आणि मुलं आहोत, उजव्या कडेला निळ्या कुर्त्याची एक बाही दिसते. मुलांच्या आईबापांना कोणी विचारलं नव्हतं हे वेगळं. काढून टाका म्हणून दोन मेल केले. पान तसंच आहे.

पैशांचा हिशोब मला आमाकडून कळला. गच्चीवर आम्ही मुळ्याचे काप वाळत घालत होतो. तिने आपणहून सांगितलं, एजन्सी तिला दिवसाला ८०० देते, नेपाळी. १०० आपले म्हणजे १६० त्यांचे, हा भाव ठरलेला. म्हणजे आपले ५००. अठ्ठावीस दिवसांचे १४,०००. ठमेलच्या हॉटेलची रात्र आणि टॅक्सी धरून तीनेक हजार सोडा. शाळेला माझ्या नावाने आलं ते मार्करचे दोन डबे आणि एक फुटबॉल. उरलेले साधारण ४५,००० कुठे गेले असं एजन्सीला विचारलं तर उत्तर आलं, 'प्रशासन आणि चोवीस तास मदत'. चोवीस तास मदतीचा नंबर मी एकदाच लावला होता, पोट बिघडलं तेव्हा. सकाळी दहानंतर करा म्हणाले. मग आमानेच ज्वानो पाण्यात उकळून दिला, म्हणजे आपला ओवा.

कोणाला जायचंच असेल तर: डिसेंबर टाळा, नाहीतर लोकरीचे मोजे चार जोड न्या. बनेपासारख्या गावात तिथल्या फोनपेच्या (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं, दुकानदार भाव सांगताना 'आईसी' म्हणाला तर तो भारतीय रुपयांत बोलतोय. एका महिन्यापेक्षा कमी दिवसांसाठी जाऊ नका. तीन महिने काढता येत असतील तर जरूर जा. गेल्यावर पहिल्या दिवशी वर्गाची शिक्षिका कोण ते विचारा. एजन्सीशिवाय थेट शाळेशी बोलून जाता आलं तर उत्तम, आमासारख्या घरांना पूर्ण पैसे मिळतील.

गुण: आमाचं घर पाच, मुलं पाच, मिस सहा. एजन्सीला दीड, आणि तो अर्धा टॅक्सीवाल्यामुळे, विमानतळावर वेळेत उभा होता. सर्टिफिकेट आलं, माझ्या आडनावात चूक आहे.

फेब्रुवारीत मिसचा व्हॉट्सॲप आला. वहीच्या पानाचा फोटो, वर तारीख २०८१ ची, तिच्या अक्षरात. खाली लिहिलं होतं की नवीन पाहुणी आली आहे आणि तिला वही दाखवली, तिने वाचली, कोपरापासून सुरू केलं.

त्याच आठवड्यात एजन्सीचाही फोन आला. जुन्या स्वयंसेवकांना दहा टक्के सूट, कंबोडियात जागा आहे, फार गोड मुलं आहेत, अनाथाश्रम. मी विचारलं, "त्यांतल्या किती मुलांचे आईबाप आहेत?" पलीकडे थोडी शांतता. मग ती मुलगी म्हणाली, "मॅडम, मी चेक करून सांगते."

अजून फोन आलेला नाही.